उजवीकडे झुकलेली गाडी

आप्पांनी दोन्ही लिव्हरवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि समोरच्या पांढऱ्या मैदानावरून नजर काढून घेतली. म्हणजे आजचाही प्रयोग गेला.

"राहू दे," आप्पा म्हणाले.

तृप्तीने बाहेरच्या टेबलावरून इंजिनाचा आवाज बंद केला. केबिनच्या काचांवरचा बर्फ विझला आणि शेडचे उघडे पत्रे दिसायला लागले. आप्पांच्या डोक्यावरची तारांची टोपी काढताना तिला राग आवरत नव्हता. राग कोणावर काढायचा हेच कळत नव्हतं. गाडी तिनेच बनवली होती.

दोन वर्षांपूर्वी हिंदुराव शेडग्यांच्या, म्हणजे तिच्या आप्पांच्या, मेंदूत डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात आणि पाय हळूहळू बऱ्यापैकी सुधारले, भाषा मात्र गेली. गेली म्हणजे समजायची गेली नाही, बोलायची गेली. दोनच शब्द तोंडात राहिले, "राहू दे." भूक लागली तरी राहू दे, पाठ दुखली तरी राहू दे, बातम्या बघून संताप आला तरी तेच, फक्त वरच्या पट्टीत. असा एखादाच शब्द मागे राहतो, मेंदूच्या डॉक्टरांना ते नवीन नव्हतं. घरच्यांना मात्र दर वेळी ते नवीनच वाटायचं. समोरचा माणूस भांडतोय की काही मागतोय, हे त्याच्या भुवयांवरून ओळखायचं.

तृप्तीची आई सुलोचनाबाई ते शिकल्या होत्या. तृप्तीला जमलं नाही. ती पुण्यात एका व्हिडिओगेम कंपनीत गाड्यांचे संगणकी नमुने बनवायची. चाक, बोल्ट, ब्रेक, सगळं खऱ्यासारखं वागणारं. आप्पा लष्कराच्या वर्कशॉपमधले मेकॅनिक. कधी पान्याला हात न लावता मुलगी गाड्या बनवते याची ते चारचौघांत चेष्टा करायचे, आणि ती त्यावर चिडून उत्तर द्यायची. बापलेकीचं बोलणं म्हणजे बहुतेक एवढंच होतं. आता तेही नव्हतं.

डॉ. शबाना बागवान भेटल्या त्या अशा वेळी. पुण्यातल्या एका रुग्णालयात त्या वाचा गेलेल्या लोकांवर काम करत होत्या. त्यांचा शोध सांगायला सोपा होता. हात हलवण्याआधीच मेंदू पुढे काय जाणवेल याचा अंदाज बांधून ठेवतो. कप उचलताना त्याचं वजन आधीच ठरलेलं असतं, म्हणून रिकामा कप भरलेला समजून उचलला की हात दचकतो. आयुष्यभर एकच यंत्र चालवलेल्या माणसाचे असे अंदाज फार पक्के असतात. तो त्या यंत्रावर बसला आणि त्याचे सगळे अंदाज एकामागून एक खरे ठरत गेले, की हातांच्या हालचाली ओवणारा मेंदूचा भाग निवांतपणे, विनाअडथळा चालू लागतो. शब्द ओवायचं कामही त्याच्याच शेजारी चालतं. बंद पडलेल्या वाटेऐवजी तिथून दुसरी वाट उघडते आणि माणूस बोलू लागतो. इचलकरंजीचा एक विणकर मागावर बसल्यावर असा बोलायला लागला होता.

"पण एक अट आहे," डॉक्टरांनी बजावलं होतं. "यंत्र तेच पाहिजे. तसंच वाटणारं नाही चालत. एक खोट लागली की मेंदू म्हणतो हे नवीन आहे, शिकायला लागतो, आणि दार बंद."

विणकराचा माग घरातच होता. आप्पांचं यंत्र कुठे होतं? तरुणपणी सैन्याने त्यांना अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर धाडलं होतं. तिथे सव्वा वर्ष त्यांनी एक जुनी हिमगाडी चालवली. नारिंगी पेटीसारखी केबिन, खाली रणगाड्यासारखे दोन रुंद पट्टे, सुकाणूऐवजी दोन लिव्हर. डावी ओढली की डावा पट्टा मंदावतो आणि गाडी डावीकडे वळते. आप्पा तिला म्हैस म्हणायचे. पुढे ते किती तरी गाड्यांवर बसले, पण झोपेत हात हलायचे ते म्हशीचे लिव्हर ओढल्यासारखे, असं सुलोचनाबाई सांगत. ती गाडी कधीच भंगारात गेली होती.

म्हणून तृप्तीने ती पुन्हा बनवायचं ठरवलं.

त्याच जातीची एक गाडी नॉर्वेच्या उत्तर भागात हौशी लोकांनी जपून ठेवली होती. त्यांनी तिचं आतून बाहेरून मोजमाप करून पाठवलं. तृप्तीने पट्ट्याची प्रत्येक कडी वेगळी घडवली, म्हणजे प्रत्येक कडी वेगळी खडखडेल. बर्फाचे थर रचले. वर भुसभुशीत, खाली वाऱ्याने घट्ट झालेले, त्याखाली काचेसारखे. ओगलेवाडीच्या एका कारखानदाराकडून लोखंडी केबिन आणि लिव्हर करून घेतले, ती केबिन गाडीसारखी हलावी, कलावी म्हणून मोटरींच्या पायांवर उभी केली. घरामागच्या शेडला शीतगृहाची यंत्रणा बसवली. कराडच्या उन्हात शेडच्या दाराशी दव जमायचं. नॉर्वेतल्या लोकांनी नमुना बघून लिहिलं की आमच्या खऱ्या गाडीपेक्षा ही जास्त खरी आहे. तृप्तीने तिच्या अख्ख्या नोकरीत इतकं सुंदर काही केलं नव्हतं.

आणि आप्पा रोज त्यात बसायचे, लिव्हर धरायचे, गाडी थोडी पुढे न्यायचे, आणि हात काढून घ्यायचे.

टोपीतून येणारी एक रेघ बाहेरच्या पडद्यावर दिसे. अंदाज आणि अनुभव यांतलं अंतर म्हणजे ती रेघ. ती खाली, तळाजवळ यायला हवी होती. ती वरच तरंगत राहायची. तृप्तीने क्लचची चकती पुन्हा घडवली. डिझेलचा वास बदलला. इंजिनाचा आवाज बदलला, मग परत होता तसा केला. रेघ हलली नाही. पुण्याच्या कंपनीने बिनपगारी रजा संपल्याचं कळवलं. तिने राजीनामा दिला आणि आईला सांगितलं नाही. आईला ते दुसऱ्या दिवशीच कळलं.

"माणसाला खेळणं करून ठेवलंस," सुलोचनाबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत, भाजी निवडत राहिल्या. आप्पा रोज त्या गारठ्यातून बाहेर आले की संध्याकाळभर भिंतीकडे तोंड करून बसतात, हे त्यांनी तिला ऐकवलं.

मग एका सकाळी तृप्तीचा तोल गेला. आप्पांनी पुन्हा हात काढले तशी ती केबिनचं दार उघडून आत घुसली. काय चुकलंय ते सांगता येत नसेल तर बोट दाखवा, हा ब्रेक चुकलाय, ही सीट चुकलीय, काहीतरी दाखवा, असं ती बोलत सुटली. आप्पांनी डॅशबोर्डवर मूठ आपटली. "राहू दे!" त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनाही सांगता येत नव्हतं. हात कशाला दचकतो हे हातालाच माहीत असतं. तृप्ती बाहेर येऊन अंगणातल्या नळाखाली तोंड धुत राहिली.

दुपारी जेवताना तिने ते पाहिलं. आप्पा ताटावर बसले होते आणि नेहमीसारखे उजवीकडे कलले होते. झटक्यानंतर ती बाजू कमजोर झाली होती, सुलोचनाबाई तिकडे उशी लावायच्या. तृप्ती घास हातात घेऊन थांबली. केबिनमध्ये आप्पा उजवीकडे कलत नाहीत. केबिनमध्ये ते डावीकडे कलतात. बसल्याबसल्या, इंजिन सुरू व्हायच्याही आधी. तिने ते रोज पाहिलं होतं आणि आजाराच्या खाती टाकून दिलं होतं.

माणूस डावीकडे तोल कधी सांभाळतो? गाडी उजवीकडे झुकलेली असेल तेव्हा.

ती हात धुऊन शेडमध्ये गेली. तिने बनवलेली गाडी सरळ उभी होती, कारखान्यातून निघाली तशी. आप्पांना तशी गाडी कधी मिळालीच नव्हती. ती त्यांच्या हाती आली तेव्हा दमलेली, कोणी कोणी वापरलेली असणार. पट्ट्याच्या आतली चाकं पोलादी कांबींच्या पिळावर तोललेली असतात. त्यातली उजवीकडची एक कांब तृप्तीने तोडली. म्हणजे नमुन्यात तोडली, पण कळ दाबायला तिला वेळ लागला. गाडी उजवीकडे बसली.

संध्याकाळी आप्पा केबिनमध्ये चढले. डावीकडे कलले आणि पहिल्यांदाच सरळ दिसले. पडद्यावरची रेघ थोडी खाली आली.

मग तिने गाडी बिघडवायला सुरुवात केली. उजवा पट्टा सैल केला. रेघ खाली. डाव्या लिव्हरला पोकळ हिसका दिला, म्हणजे बोटभर ओढेपर्यंत पट्टा ऐकत नाही. आप्पांचा हात तो हिसका आधीच खाऊन टाकत असल्यासारखा गेला. रेघ आणखी खाली. उलटंही झालं, ब्रेक कमजोर केला तर रेघ उसळली. म्हणजे ब्रेकची आप्पांनी निगा ठेवली होती. असं एकेक करत, चुकत, मागे येत, तिने स्वतःच्या हाताने घडवलेलं सगळं देखणं काम खिळखिळं केलं. नॉर्वेतल्या लोकांना तिने ते कळवलं नाही.

रेघ तळाला टेकली त्या सकाळी डॉ. बागवान पुण्याहून आल्या होत्या. तृप्ती केबिनमध्ये उजवीकडच्या सीटवर बसली होती. म्हैस हलली, खडखडत चढाला लागली. आप्पांनी हात काढले नाहीत. त्यांनी एक सणसणीत शिवी हासडली, पट्ट्याला उद्देशून. मग सहज, जणू मध्ये काही झालंच नव्हतं, म्हणाले, "डावीकडं निळं दिसतंय साहेब. तिकडं नको. खाली भेग असंल."

डॉक्टर बाहेरून हाताने खुणावत होत्या, बोल, बोल.

"मग कुठून जायचं?" ती म्हणाली.

"कडंनं. लांब पडंल, पर पडणार कोण न्हाई." आप्पा हसले. "मोकाशी साहेब, तुम्ही दगड गोळा करा. रस्त्याचं मी बघतो."

मोकाशी म्हणजे मोहिमेतले भूगर्भशास्त्रज्ञ. ते आप्पांच्या शेजारी बसायचे, दहाएक वर्षांपूर्वी वारले. तृप्तीला हे ठाऊक होतं. वाचा आली होती, पण ती त्या गाडीतली होती, त्या सालातली होती. तरी तिने विचारलंच. न विचारता राहवणार नव्हतं.

"मुलंबाळं किती तुम्हाला, शेडगे?"

"अजून न्हाई साहेब," आप्पा म्हणाले. "आत्ताच तर लग्न झालंय."

तिने मान काचेकडे वळवली. काचेवर तिनेच बनवलेला बर्फ सरकत होता. ज्या गाडीत बाप बोलत होता त्या गाडीत ती जन्मलेलीच नव्हती.

खाली उतरल्यावर आप्पांना डॉक्टरांनी नाव विचारलं. आप्पांनी ओठ हलवले, घाम फुटेपर्यंत हलवले. "राहू दे."

पुढे बरेच दिवस असंच चाललं. केबिनमध्ये अस्खलित बोलणारा माणूस, बाहेर दोन शब्द. तृप्तीने डॉक्टरांना फोनवर फैलावर घेतलं. विणकर मागावरून उठल्यावरही घरात बोलायला लागला होता ना, मग इथे का नाही? डॉक्टर म्हणाल्या, की मागाजवळ त्याची बायको सुताच्या कांड्या भरायला बसायची. तिची हाक, तिचं नाव, पोरांची भांडणं, सगळं त्या मागाच्या आवाजात मुरलेलं होतं. त्या शब्दांना बाहेर यायला माणसं होती. "तुमच्या वडिलांच्या गाडीत तुमच्यापैकी कोणीच नव्हतं, तृप्ती. तिथले शब्द इथे येऊन कोणाला शोधणार?"

तृप्तीने हे आईला सांगितलं ते केवळ कोणाला तरी सांगायचं म्हणून. लोखंडाचा नमुना मला करता येतो, गेलेल्या वर्षांचा येत नाही, असं काहीसं ती म्हणाली. सुलोचनाबाईंनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या पदर खोचून शेडच्या दाराशी उभ्या राहिल्या.

"मला बसव त्या मोकाशींच्या जागी."

तृप्तीने समजावलं. आप्पा तुला ओळखणार नाहीत, साहेब म्हणतील, आणि तू चुकून बायकोसारखी काही बोललीस तर रेघ उसळून सगळं बंद पडेल. सुलोचनाबाई म्हणाल्या की बायकोसारखं बोलणं या घरात कधी चाललंय. आणि चढल्या.

तृप्ती बाहेर रेघेसमोर बसली. आवाज कानात येत होता. बराच वेळ नुसता पट्ट्याचा खडखडाट. मग आईचा आवाज आला, जरा जाड केलेला.

"घरी कोण असतं, शेडगे?"

"आई हाय, भाऊ हाय. बायको हाय." आप्पांनी लिव्हर ओढली. "रेडिओवरनं घरी फोन जोडून देत्यात ना, साहेब. गावात फोन एकच, सरपंचाच्या वाड्यावर. आई येती, भाऊ येतो. ती येत न्हाई. एकदाबी आली न्हाई."

ही गोष्ट तृप्तीने कधी ऐकली नव्हती. रेघ तळाशी शांत होती.

"रागात असंल," आप्पा म्हणाले. "लग्न झालं अन् मी इकडं बर्फात."

"राग नसेल," सुलोचनाबाई म्हणाल्या. "सरपंचाचं सगळं घर कान देऊन उभं. सासू बाजूला. चारचौघांत नवऱ्याशी काय बोलायचं, म्हणून येत नसेल."

"तुम्हाला काय ठाव?"

तृप्ती उठून उभी राहिली. आता आई सांगून टाकणार, मीच ती. आणि रेघ जाणार.

"माझ्या घरी पण तसंच आहे," सुलोचनाबाई म्हणाल्या.

आप्पा हसले. मोठ्यांदा, पोटातून, म्हैस चढावर घुरघुरत असताना. रेघ जराही हलली नाही. "मग ठीक हाय," ते म्हणाले. "मग दोघंबी सारखेच, साहेब."

त्या दिवसापासून सुलोचनाबाई रोज बसायला लागल्या. तृप्तीला वाटलं होतं, आईचा जीव तिथे गुदमरेल. आई उलट जेवणं लवकर आटपायला लागली. मात्र आत जाताना कुरकुर करायची. उजव्या सीटजवळचा हीटर चालत नाही, पाय गार पडतात, एवढी गाडी केलीस तर तेवढं का होत नाही? तृप्तीने एकदा हीटर चालू करून पाहिला, तर रेघ तडक वर गेली आणि आप्पांनी हात काढले. तो हीटर आप्पांच्या काळातही बंदच होता. तिने तो पुन्हा बिघडवला. सुलोचनाबाईंनी लोकरीचे मोजे आणवले आणि कराडच्या उन्हाळ्यात, शेजारणींच्या देखत, ते पायात चढवून शेडकडे जायला लागल्या.

तृप्तीला आता फारसं काम उरलं नव्हतं. ती गाडी चालू करायची, रेघ बघायची, बंद करायची. आत दोन माणसं बोलत असायची, कशाकशाबद्दल. गावची जत्रा, थोरल्या भावाचा स्वभाव, बर्फात दिशा कशी ओळखायची. ती ऐकत बसायची आणि तिला राग यायचा. मी हे त्यांना परत आणायला केलं होतं, आणि आईच तिकडे निघून गेली. डॉक्टरांना तिने विचारलं, याचा शेवट काय? डॉक्टर म्हणाल्या, माहीत नाही. डॉक्टर प्रामाणिक होत्या, आणि तृप्तीला त्या क्षणी कोणाचाच प्रामाणिकपणा नको होता.

पावसाळा सरत आला असताना एका दुपारी तिघं जेवायला बसली होती. आमटी अळणी झाली होती. आप्पांनी घोट घेतला, वाटी खाली ठेवली, कपाळाला आठ्या घातल्या. तृप्ती त्यांच्या भुवया वाचायला गेली.

आप्पांचे ओठ हलले. जबडा एकदा इकडे, एकदा तिकडे गेला, दाबायची कळ सापडत नसल्यासारखा. ते सुलोचनाबाईंकडे बघत होते.

"साहेब," ते म्हणाले. आणि मग, फार वेळाने, "मीठ."

घरात, जमिनीवर, टोपी नसताना, गाडी बंद असताना. तृप्तीच्या हातातला घास ताटात पडला. तिला रडू आलं आणि त्याच वेळी ते चुकलंय हेही टोचलं. नाव चुकलंय, माणूस चुकलाय. हे असंच पक्कं झालं तर कायमचं राहील, आत्ताच दुरुस्त करायला हवं. ती पुढे वाकली.

"आप्पा, साहेब नाही. ही आई आहे. सु-लो..."

"तृप्ती," सुलोचनाबाई म्हणाल्या, "मध्ये बोलू नकोस. हाक मला मारलीय."

त्यांनी मिठाची वाटी उचलली आणि पुढे केली.

"हे घ्या, शेडगे," त्या म्हणाल्या.